सलग दोनशे चाळीस

मारेगावच्या अलीकडे, रस्त्याला लागून जिनिंग.
रात्रीचे सव्वादोन. चोवीस रेचे बंद,
आणि मी सरकीच्या पोत्यावर लॅपटॉप ठेवून
सर्किटाला विचारतेय: अकराव्याच दिवशी का?

यंत्र माझंच, तळहाताएवढं.
रुई ओढणाऱ्या नळीला दोन डोळे लावलेत;
ठिणगी दिसली की झडप फिरवायची,
पेटती रुई बाहेर, हौदात.
ठिणगीला नळी संपवायला तीनशे मिलिसेकंद लागतात.
त्याच्या आत. त्यानंतर दिलेलं बरोबर उत्तर
चूकच असतं.

दहा दिवस चोख चाललं.
मंगळवारी पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी गप्प बसलं.
राखणीचा वॉचडॉग भुंकत नाही, थेट चावतो.
त्यानं उठवलं पुन्हा, चार सेकंदांनी.
चार सेकंदांत नळी तेरा वेळा संपते.
रुईच्या ढिगाला आतून लागलेलं दिसत नाही.
आधी वास येतो, जळक्या केसांसारखा.

बॅटरीवर जपलेली नोंद उघडली.
मोकळी मेमरी: नऊ हजार एकशे बारा बाइट.
मागितली: दोनशे चाळीस.
मिळाली नाही.

दौलत आत्राम, प्रेसचा फिटर, चहा घेऊन आला.
मागे उभा राहून आकडे वाचले.
"नऊ हजार हायेत न?"

आहेत. पण सलग नाहीत.
इथे साठ, तिथे अठ्ठ्याऐंशी, फार तर दोनशे बारा.
दर ठिणगीचा मेसेज वेगळ्या लांबीचा.
मी मागत गेले, परत करत गेले,
एक बाइट कुणाचा बुडवला नाही,
तरी जागा मोडत गेली.

"गोडाऊनसारखं झालं मंग.
मांगच्या साली सोळा गठाणींची जागा रिकामी,
अन् एक गठाण बसंना.
ज्याला जिथून हात पुरला तिथून त्यानं काढलेली."

मग प्रेसच्या लोखंडावर थाप मारून म्हणाला,
"इथं पाह्य. पेट्या दोनच.
एक भरते, एक दाबते, मंग फिरवाच्या.
तिसरी कोणी मागतच नाही."

हे मी शिकले होते. परीक्षेत सातपैकी सात.
पण डेमो होता, घाई होती,
आणि मागितलं की मिळत होतं.

उजाडेपर्यंत एकेक मागणं खोडत बसले.
आता वीज येताच सगळं घेऊन ठेवायचं:
सोळा पेट्या, प्रत्येकी दोनशे छप्पन.
चार अक्षरांच्या मेसेजलाही अख्खी पेटी.
वाया जाते जागा. जाऊ दे.
पेटी मिळायला लागणारा वेळ मात्र
पहिल्या दिवशी जेवढा, अकराव्या दिवशी तेवढाच.

"अन् सतरावी ठिणगी आली त?"
सगळ्यात जुनी पुसायची.
झडप फिरतेच, फक्त नोंद जाते.

तो कप गोळा करत होता.
"मंग त्या मंगळवारची?"
जाईल. आठवड्याभरात.
"हव," म्हणाला, आणि बाही खाली ओढली.
मनगटापासून कोपरापर्यंत नवी कातडी,
गुलाबी, एकही केस नसलेली.

एप्रिल लागला. रेचे एका पाळीवर आलेत.
यंत्र एकोणऐंशी दिवस जागं आहे.
परवा फोनवर सांगत होता, दोनदा फिरली झडप,
हौदातली भिजकी रुई कुत्रीनं पिल्लांसाठी ओढून नेली.
मंगळवार तर केव्हाच पुसला गेला असेल.

पेट्या मोजणाऱ्या ओळीच्या वर मी एक शेरा लिहून ठेवलाय:
मंगळवार, चार दहा. दौलत आत्राम, उजवा हात.
माझ्यानंतर जो कोणी हा कोड उघडेल त्याला दिसेल.
शेऱ्याला यंत्रात
एकही बाइट लागत नाही.